कुल्फीच्या फ्रीजरमधला चीक

दाराला आतून कडी होती आणि आत मम्मी कुणाला तरी लाडीगोडी लावत होती. "ये की. ये, ये. एवढा काय नखरा?"

मी दाराला कान लावला. घरात त्या वेळी आम्ही तिघीच होतो. आजी पुढच्या खोलीत पंख्याखाली आडवी झालेली, मम्मी आत आणि मी इथे. पप्पा स्टँडजवळच्या आमच्या कुल्फीच्या दुकानात. मग स्वयंपाकघरात होतं कोण? मांजर म्हणावं तर मम्मीला मांजर चालत नाही. सातवीची परीक्षा संपून मी मोकळी झाले होते, तासगावच्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडायची सोय नव्हती, आणि मला जगातलं सगळंच्या सगळं कळायला हवं होतं. आता मी दहावीत आहे. अजूनही कळायला हवंच आहे, पण आता मी निदान दार वाजवते. तेव्हा मी सरळ परड्यात गेले, धुण्याच्या दगडावर चढले आणि खिडकीतून आत बघितलं.

मम्मी पाटावर बसली होती, पोट मांडीवर घेऊन. नववा लागला होता तिला. खांद्यावर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, ब्लाउजची बटणं सोडलेली. एका हाताचा अंगठा आणि बोट छातीवर ठेवून ती हळूहळू दाबत होती आणि खाली दुसऱ्या हातात चमचा धरला होता. बोलत होती ती त्या चमच्याशी.

"मम्मी, काय करालीस?"

चमचा खाली पडला. "संपदा," ती म्हणाली. पूर्ण नाव घेतलं की समजायचं. "आत ये. आवाज करू नको."

आत गेल्यावर तिनं परत कडी लावली. मी सगळे प्रश्न एकदम विचारले. तिनं चमचा उचलून माझ्यासमोर धरला. कडेला एक थेंब राहिला होता. दुधाचा नव्हता. पिवळा होता, घट्ट, केशर घातलेल्या बासुंदीसारखा.

"चीक आहे," ती म्हणाली.

"गाय व्याल्यावर येतो तसला?"

"तसलाच. माणसाचा."

"मग याचा खरवस होईल?"

मम्मीला हसू आवरेना. पोट धरून हसली, तोंडात टॉवेल कोंबून, आजी उठेल म्हणून. "एवढ्याचा? मुंगीला पण पुरायचा नाही."

मी तो थेंब बोटानं पुसून घेतला आणि चाखला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आमच्या घरात नवीन काही केलं की पहिल्यांदा मीच चाखते. थोडं गोड, थोडं खारट, आणि चिकट. मम्मी माझ्याकडे बघतच राहिली. कसं लागलं, म्हणून विचारलं तिनं. मी म्हटलं, मलई कुल्फीची सर नाही. ती चमचा विसळायला उठली, आणि नुसता चमचा विसळायला तिला फार वेळ लागला.

मग तिनं मला सगळं सांगितलं, कारण सांगितल्याशिवाय मी तिथून हलले नसते. पोटात बाळ असताना तिला शुगर निघाली होती, हे मला माहीत होतं. आमच्या घरात साखरेची पोती आणि तिला चहासुद्धा फिका. सांगलीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या की आईला शुगर असली तर बाळ जन्मल्या जन्मल्या त्याची साखर एकदम उतरू शकते. तेव्हा त्याला लगेच पाजावं लागतं, आणि कधी कधी नेमकं त्याच वेळी आईला दूध यायला उशीर होतो. म्हणून शेवटच्या आठवड्यांत रोज थोडा चीक हातानं काढायचा, बिनसुईच्या बारक्या सिरिंजमध्ये भरायचा आणि गोठवून ठेवायचा. सगळ्या बायकांनी करायचं नसतं हे, मॅडमनी बजावलं होतं, मी तुम्हाला सांगते म्हणून तुम्ही करा. पोट दुखायला लागलं तर लगेच थांबा.

"मग कडी कशाला?" मी विचारलं.

तिनं पुढच्या खोलीकडे नुसती मान वळवली.

ते मला लगेच पटलं. आजीचा एक नियम होता: बाळ यायच्या आधी बाळाचं काही आणायचं नाही. कराडच्या मावशीनं दोन झबली पाठवली, तर आजीनं ते पाकीट न फोडता शेजारच्या कोरे काकूंच्या कपाटात नेऊन ठेवलं. पप्पा माझा जुना पाळणा रंगाऱ्याकडे न्यायला निघाले, तर त्यांना कोपऱ्यावरून परत बोलावलं. येणारा आला की सगळं येतं, असं म्हणायची. आणि इथे तर मम्मी बाळाचं जेवणच आधी करून ठेवत होती.

आजीचं दुसरं एक वाक्य होतं, ते मी जन्मल्यापासून ऐकत आले होते. घरी कुणीही आलं की पाणी द्यायच्या आधी ते यायचं. "हिला दूध नव्हतं. संपी डब्यावर वाढली." डबा म्हणजे पावडरच्या दुधाचा. मला सर्दी झाली की, डब्यावर वाढलीय ना. मी धावण्यात पहिली आले की, बघा, डब्यावर वाढून पण. मम्मी तेव्हा तिथून उठून जायची. मला वाटायचं पाहुण्यांना चहा करायला जाते.

तर त्या दिवसापासून मी मम्मीच्या कटात सामील झाले. दुपारी आजी घोरायला लागली की मी दाराशी पहारा करायचे, मग आत जाऊन सिरिंजला टोपण लावायचे, वर तारखेची चिठ्ठी चिकटवायचे. सुरुवातीला नुसती ओल यायची, चमच्याला चमक येईल एवढीच. मम्मी रडकुंडीला यायची. मग माझ्या लक्षात आलं की ती चिडली की येत नाही आणि हसली की येतं. जोर लावून उपयोग नाही, मॅडमनी पण हेच सांगितलं होतं. मग काय, मी रोज कार्यक्रमच करायचे. आमच्या इतिहासाच्या सरांची नक्कल, हेडबाईंच्या चष्म्याची नक्कल, एसटी चुकलेल्या पीटी सरांची नक्कल. पीटी सरांना सगळ्यात जास्त यायचं. त्यांना हे कधी कळू नये.

प्रश्न तर माझे संपतच नव्हते. बाळ अजून आलंच नाही तर छातीला कसं कळलं? दोन्हीकडून सारखं येतं का? पिवळं का? पांढरं कधी होणार? जुळी झाली तर? मम्मीला जेवढं ठाऊक होतं तेवढं ती सांगायची, बाकीचं पुढच्या तपासणीला मॅडमना विचारून यायची. त्या दोन-तीन आठवड्यांत ती माझ्याशी जेवढं बोलली तेवढं आधी कधी बोलली नव्हती. एकच प्रश्न तिनं टाळला.

"माझ्या वेळी पण आधी असं आलं होतं?"

"आजी उठली का बघ जा," ती म्हणाली.

भरलेल्या सिरिंज ठेवायच्या कुठे, हा मोठा पेच होता. स्वयंपाकघरातला फ्रिज म्हणजे आजीचं राज्य. त्यात वाटाणे, खोबरं, वाळकं आलं, सगळं तिच्या नजरेखाली. पण मागच्या खोलीत पप्पांचा कुल्फीचा मोठा फ्रीजर होता. त्याला आजी हात लावायची नाही. मम्मीनं सिरिंज एका पिशवीत घालून कुल्फीच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवल्या आणि तो डबा अगदी तळाला, बाकीच्या तसल्याच डब्यांखाली सरकवला. पप्पांना पण सांगितलं नव्हतं. कसं सांगायचं, लाज वाटते, म्हणाली. मला हे कळलंच नाही. मला सांगताना वाटली नाही ती.

एका रविवारी दुपारी मम्मी नवीन सिरिंज ठेवायला मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ परत आली नाही. मी गेले तर फ्रीजरचं झाकण उघडं आणि आत पांढरी वाफ, बाकी काही नाही. सगळे डबे गेले होते. सावळजला कुणाची तरी वास्तुशांत होती, मोठी ऑर्डर, पप्पांनी सकाळीच छोटा हत्ती टेम्पो भरून नेला होता. तळापर्यंत.

मी पप्पांना फोन लावला. फोन फ्रीजरमागच्या फळीवरच वाजला. घाईत तिथेच विसरून गेले होते.

मम्मी उलट्या क्रेटवर बसली. हातातली सिरिंज तिनं मुठीत घट्ट धरली होती. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "गेलं. परत गेलं."

"परत म्हणजे?" मी विचारलं.

"काय गेलं?" दारात आजी उभी होती.

मला वाटलं, आता काही खरं नाही. मम्मीनं मान वर केली आणि सगळं सांगितलं. डॉक्टर मॅडम, चमचा, सिरिंज, फ्रीजर, सगळं. चोरी पकडल्यावर सांगतात तसं नाही. सरळ. आणि शेवटी म्हणाली, "आई, मला हे बाळ पाजायचंय. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा."

आजीनं त्या रिकाम्या फ्रीजरमध्ये वाकून बघितलं, जसं काही आम्हाला नीट दिसलं नसेल. मग पायात चपला सरकवल्या.

"संपे, चल. सावळजचं वडाप मिळतंय का बघू."

मम्मी म्हणाली, उन्हात कुठे जाताय, मी जाते. आजी म्हणाली, "तू बस. जागची हलू नगंस."

वडाप म्हणजे माणसं गच्च भरल्याशिवाय न हलणारी जीप. आम्हाला मागची बाजू मिळाली. समोर एक आजोबा बसल्या बसल्या झोपलेले, शेजारी एक बाई कानात इअरफोन घालून. जीप नाक्याबाहेर पडली. माझ्या डोक्यात एकेक चाललं होतं. पप्पा वाढायच्या आधी डबा उघडून बघतील का, सिरिंज कुणी पोरं पिचकारी म्हणून पळवतील का, वितळली तर परत गोठवायची नसते, मॅडमनी सांगितलंय. शेवटी मी म्हटलं, "आजी, वितळलंच तर परत काढता येईल की. मागच्या वेळी नव्हतं, पण आता मम्मीला येतंय दूध."

"मागल्या वेळी नव्हतं, हे तुला कुणी सांगितलं?"

मी तिच्याकडे बघितलं. "तूच सांगतीस. सगळ्यांना."

"मी सांगते," आजी म्हणाली. बाहेर द्राक्षाच्या बागा मागे जात होत्या. तिनं पदर डोक्यावर ओढला. "तुझ्या आईला दूध लई होतं. हंड्यानं होतं."

मला आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न सुचेना.

"तू आठव्या महिन्यात आलीस. एवढी. हाताच्या ओंजळीएवढी. सांगलीला काचंच्या पेटीत ठेवली तुला. तुझी आई हितं घरात, टाकं पिकलेलं, उठता येईना. आणि तिला दूध उतरलं. चोळी भिजायची, हातरूण भिजायचं. छाती दगडासारखी झालेली. रडायची. म्हणायची, संपीला न्या कुणीतरी. आता दूध कसं न्यायचं तिकडं? दूध काय डब्यात घालून पाठवत्यात व्हय, असं वाटलं मला."

"आपण कुल्फी पाठवतो की सावळजला," मी म्हटलं.

मी तिला टोचून बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. मला खरंच तसं वाटलं. पण आजीनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला हातानं ढकललं. जीप खड्ड्यातून गेली, समोरचे आजोबा जागे झाले आणि परत झोपले.

"व्हय," ती म्हणाली. "आपली तीन पिढ्यांची कुल्फी. बर्फ घरात, मीठ घरात, डबं घरात. आणि कुणाच्या डोक्यात आलं न्हाई. डॉक्टरनं सांगितलं न्हाई, आम्ही इचारलं न्हाई."

मग ती मोगऱ्याचं सांगायला लागली. मम्मीला ताप चढला, छाती ठणकायला लागली, तेव्हा आजीनं बाजारातून मोगऱ्याच्या कळ्या आणल्या. तिच्या सासूनं तिच्या जावेला केलेलं तिनं बघितलं होतं. कळ्या ओल्या फडक्यात घालून छातीला घट्ट बांधायच्या, सुकल्या की बदलायच्या. दूध आटतं. आटलं. ताप पण उतरला. आजीला हायसं वाटलं.

"मम्मीला विचारलं होतंस? बांधू का म्हणून?"

"इचारायचं काय त्यात. दुखत होतं तिला." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत, "न्हाई इचारलं."

"आणि मी घरी आले तेव्हा?"

"तोंड मारायचीस. शोधायचीस. कायच नव्हतं. मग डबा आणला."

शेजारच्या बाईनं इअरफोन काढले होते, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी विचारलं की मग ती सगळ्यांना दूध नव्हतं असं का सांगते. आजी म्हणाली, "तसं सांगितलं की पुढं कुणी काय इचारत न्हाई." आणि मग, विषय बदलल्यासारखं करून म्हणाली की तेव्हा तिनं पाळणा, दुपटी, टोपडी, सगळं दोन महिने आधी हौसेनं आणून मांडलं होतं. आणि मी तशी आले. तेव्हापासून तिनं ठरवलं, आधी काही आणायचं नाही.

सावळजला जीपमधून उतरल्यावर घर शोधावं लागलं नाही. नवं कोरं घर, पुढे मांडव, स्पीकर. पंगत बसली होती. मांडवाच्या कडेला पप्पांची थर्माकोलची पेटी दिसली आणि तिच्याभोवती पाच-सहा माणसं. मधोमध आमचा डबा उघडा. पप्पा एक सिरिंज दोन बोटांत धरून उन्हाकडे करून बघत होते.

"शेटे, अहो, तुमच्या कुल्फीत ही जनावरांची लस कशी आली?" घरमालक विचारत होते.

"आमची नव्हे हो," पप्पा म्हणत होते. "दवाखान्यातल्या कुणाचा तरी डबा बदलला वाटतं." आणि एकजण म्हणत होता की कशाला हात लावता, द्या उकिरड्यावर टाकून, काय रोग-बिग असायचा.

मी माणसांच्या मधून आत घुसले. मी म्हटलं, "लस नाही ती. माझ्या मम्मीचं दूध आहे."

पंगतीतले हात थांबले. स्पीकर चालू होता म्हणून मी आणखी मोठ्यानं सांगितलं. "आमच्या बाळासाठी काढलंय. डॉक्टरांनी सांगितलंय. उन्हात धरू नका, वितळेल."

पप्पा कानापर्यंत लाल झाले. पंगतीतल्या एका म्हातारीनं घास तसाच ठेवून विचारलं, "बाळ कवा झालं गं?"

"अजून व्हायचंय."

"व्हायच्या आधी दूध?"

"होय, आधी," मी म्हटलं, आणि तिथल्या तिथे तिला सगळं सांगायला लागणार होते, पण आजीनं माझा दंड धरला. त्या घरच्या मालकीणबाई एव्हाना पुढे आल्या होत्या. त्यांनी पप्पांच्या हातातली सिरिंज काढून घेतली, डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि डबा पेटीतल्या बर्फात खोल खुपसला. "मी तेच म्हणत होते, जे काय आहे ते बर्फात ठेवा म्हणून," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आत्ताच काढून बघत होते हो, घटकाभर पण झालं नाही."

गर्दी पांगल्यावर पप्पांनी डबा परत बाहेर काढला. एकेक सिरिंज कानाशी नेऊन नखानं टकटक वाजवली. कुल्फीचा साचा जमला का ते असंच बघतात ते. बर्फात खडेमीठ घातलं की तो फ्रीजरपेक्षा गार होतो, म्हणून तर कुल्फी टिकते. "टणक आहे," म्हणाले. सगळ्या वाजवून झाल्या. "सगळ्या टणक आहेत." मग त्यांनी आजीला विचारलं की हे मला का सांगितलं नाही कुणी. आजी म्हणाली, मला पण न्हाई सांगितलं, चल आता, पोरगी घरात वाट बघालीय.

घरी गेल्यावर आजीनं स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा रिकामा केला. वाटाणे, खोबरं, सगळं बाहेर. डबा तिथे ठेवला आणि मम्मीला म्हणाली, "उद्यापासनं दार उघडं ठेवून काढ. गुदमरतंय आत." एवढंच. मोगऱ्याचं ती मम्मीशी काही बोलली नाही. मीपण नाही. मला वाटलं, ते माझ्याकडून सांगायचं नाही.

जूनच्या सुरुवातीला सांगलीला मम्मीचं सिझर झालं. बहीण. चांगली गुबगुबीत, काळेभोर केस. पण तासाभरात सिस्टरनी टाचेला टोचून रक्त बघितलं आणि साखर कमी निघाली. तिला काचेच्या खोलीत नेलं. कुरणे सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, आई अजून गुंगीत आहे, लगेच पाजायला हवं, पावडरचं दूध देऊ का?

पप्पांनी घरून आणलेली बर्फाची पेटी पुढे केली. सिस्टरनी डबा उघडला, तारखांच्या चिठ्ठ्या बघितल्या, माझ्याच अक्षरातल्या, आणि हसल्या. म्हणाल्या, अरे वा, जेवणाचा डबा घेऊन आलीय ही. एक सिरिंज कोमट पाण्याच्या वाटीत ठेवली. मग म्हणाल्या, हात धुऊन कुणीतरी एक जण आत चला.

पप्पांनी आजीकडे बघितलं. आजी म्हणाली, मी नको. मग म्हणाली, हात कुठं धुवायचं?

मला काचेबाहेरूनच बघावं लागलं. सिस्टरनी सिरिंज आजीच्या हातात दिली आणि बाळाच्या गालाच्या आत कशी धरायची ते दाखवलं. आजीनं सिरिंजच्या हाताचं मनगट दुसऱ्या हातानं धरलं. एक थेंब. बाळानं काहीच केलं नाही. आणखी एक थेंब. मग बाळाची जीभ बाहेर आली, फिरली, ओठ मिटले. आणि त्याबरोबर आजीनं स्वतःचं तोंड उघडलं, आपण लहान मुलाला भरवताना आपलंच तोंड उघडतो ना, तसं. सिरिंज रिकामी होईपर्यंत तिचं तोंड तसंच उघडं होतं. दुसऱ्या तपासणीत साखर वर आली होती. फार नाही, पण आली होती. सिस्टर म्हणाल्या, बघत राहू, चांगलं चाललंय.

दुपारी आम्ही मम्मीच्या खोलीत बसलो होतो. ती शुद्धीवर आली होती, पण भिंतीकडे मान करून पडली होती. टाके दुखत होते, सिस्टरनी दोनदा सांगूनही कुशीवर व्हायला तयार नव्हती. मी तिला जीभ बाहेर काढून दाखवली, बाळानं कशी काढली ते. ती हसली, पण डोळे मिटूनच. बाळ अजून काचेतच होतं ना.

शेजारच्या कॉटवर एक सून होती आणि तिची सासू मोसंबी सोलत होती. त्या सासूबाईंनी आमची चौकशी केली. कुठल्या, काय करता, मुलगी का, पेटीत का ठेवलंय, सगळं. मग आजीला एक फोड देत त्यांनी विचारलं, "आणि ही थोरली? हिला पाजलं होतं का आईनं?"

मी मम्मीकडे बघितलं. तिचे डोळे मिटलेलेच होते, पण झोपलेल्या माणसाचा खांदा असा नसतो.

आजीनं फोड हातात घेतली. खाल्ली नाही.

"न्हाई," आजी म्हणाली. "दूध लई होतं हिला. मी आटवलं. तिला न इचारता."

त्या बाई मोसंबी सोलायच्या थांबल्या. खोलीत आणखी दोन कॉट होत्या, तिथल्या माणसांनी पण ऐकलं असणार, कारण आजी हळू बोललीच नव्हती. पाहुण्यांसमोर 'हिला दूध नव्हतं' म्हणायची त्याच आवाजात बोलली होती.

मम्मी वळली. कुणी हात न लावता, कॉटची दांडी धरून, दात आवळून, आपली आपण आमच्याकडे वळली. आजीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला उठवा आई. तिच्याकडे जायचंय."

आजीनं एका बाजूनं धरलं आणि मी दुसऱ्या.